गोळी आजपासून, की आधी तीन महिने पथ्य?

रिपोर्ट डॉक्टरांच्या टेबलावर असतो आणि ते विचारतात, "गोळी सुरू करू या, की तीन महिने पथ्य आणि चालणं करून बघताय?" प्रश्न साधा वाटतो. पण 'मधुमेह' हा शब्द कानावर पडून जेमतेम दहा मिनिटं झालेली असतात, त्यामुळे उत्तर डोक्यातून येतच नाही, धास्तीतून येतं. माझंही तसंच आलं. एचबीए१सी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ७.४ निघाला होता आणि मी तडक म्हणालो, "थांबू या." त्याच महिन्यात माझ्या एका मित्राचा ७.८ निघाला, त्यानं त्याच संध्याकाळी पहिली गोळी घेतली. याला आता अडीच वर्षं झाली. एक वाट मी स्वतः चाललो, दुसरी त्याच्याकडे बघत राहिलो.

आधी एक चाळणी लावू, कारण काहींपुढे हा प्रश्न नसतोच. एचबीए१सी १०च्या वर असेल, साखर ३००च्या पुढे असेल, घसा सतत कोरडा पडत असेल, रात्रीतून तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल, काही न करता वजन उतरत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही; औषध लगेच लागतं, कधी काही काळ इन्सुलिनही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार सोबत असेल तर एचबीए१सी कितीही असो, त्या अवयवांना जपणारी वेगळी औषधं डॉक्टर सुचवतात. गरोदरपणाचा हिशेब निराळा. आणि अंगानं बारीक असूनही वजन झपाट्यानं घटत असेल तर हा नेहमीचा टाइप टू आहे की शरीरात इन्सुलिन बनणंच जवळपास थांबतं तो टाइप वन, हे आधी तपासून घ्या. यातलं काहीच लागू नसेल तर पुढचं तुमच्यासाठी.

तीन महिनेच का

ही मुदत कुणी हवेतून काढलेली नाही. एचबीए१सी म्हणजे तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, आणि तांबडी पेशी जगते साधारण १२० दिवस. पथ्य सुरू करून महिन्याभरात तपासणी केली तर त्या आकड्यात निम्मं मागचंच खाणं बोलत असतं. मधुमेहाची रेघ ६.५वर आहे, ७ म्हणजे सरासरी साखर १५४ मिलिग्रॅमच्या आसपास, ८ म्हणजे १८३. रक्तक्षय असेल तर हा आकडा फसवू शकतो, तेव्हा हिमोग्लोबिन कमी असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तज्ज्ञांचंही यावर एकच एक मत राहिलेलं नाही. अमेरिका आणि युरोपातल्या मधुमेह संघटनांनी २००६ साली मिळून सांगितलं की निदान झाल्या दिवसापासून जीवनशैलीतल्या बदलासोबतच मेटफॉर्मिन द्यावं. २०१२च्या निवेदनात त्यांनीच थोडी सवलत दिली: एचबीए१सी ७.५च्या खाली असेल आणि माणूस खरोखर उत्साही असेल, तर औषधाआधी तीन ते सहा महिने द्यायला हरकत नाही. ७.५ सगळ्यांच्या लक्षात राहतं. 'उत्साही' हा शब्द मात्र वाचताना निसटतो. माझा उत्साह पाच आठवडे टिकला.

गोळी काय करते, पथ्य काय करतं

पहिली गोळी बहुधा मेटफॉर्मिनच असते. तिचं मूळ गॅलेगा नावाच्या एका फुलझाडात सापडतं, आणि मधुमेहावर माणसांमध्ये ती वापरल्याचे निष्कर्ष फ्रान्समधल्या जाँ स्टर्न या डॉक्टरनं १९५७ साली मांडले. यकृत रात्रभर जी जादा साखर रक्तात सोडत राहतं, तिला ती आवर घालते. म्हणूनच रात्री काहीही न खाता सकाळची साखर चढलेली का, या कोड्याला तिचा चांगला उपयोग होतो. एकटी घेतली तर साखर धोकादायकरीत्या खाली जाण्याची भीती जवळजवळ नाही, वजनही वाढत नाही. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या मोठ्या अभ्यासात नव्याने निदान झालेल्या ५,१०२ जणांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. १९९८ साली निकाल आले तेव्हा वजन जास्त असलेल्यांच्या गटात मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू, केवळ आहारावर भर दिलेल्यांपेक्षा, ३६ टक्क्यांनी कमी होते. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांचे आकडे वर्षभरातच सारखे झाले, तरी सुरुवातीच्या काळजीचा फायदा दहा वर्षांनंतरही टिकलेला २००८ साली दिसला. 'अजून कुठे काही होतंय, बघू पुढे' असं म्हणणाऱ्यानं हा भाग दोनदा वाचावा.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी हटली तर टाइप टू मागे फिरू शकतो, हे न्यूकॅसलच्या रॉय टेलर यांच्या कामातून पुढे आलं. मग स्कॉटलंड आणि टाइनसाइडमध्ये 'डायरेक्ट' हा अभ्यास झाला. मधुमेह होऊन सहा वर्षांच्या आतली, इन्सुलिन न घेणारी, वजनदार माणसं. त्यांची मधुमेहाची औषधं बंद केली. वर्षाअखेर, २०१७ साली आलेल्या निकालात, ४६ टक्के लोकांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेघेखाली होती; नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात तर ८६ टक्के. असलं काही मेटफॉर्मिनच्या हातून होत नाही.

पण आकडे वाचून हुरळण्याआधी त्या लोकांनी काय खाल्लं ते बघा. तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८२५ ते ८५३ कॅलरी, तेही नेहमीचं जेवण पूर्ण बंद करून पातळ पेयं आणि सूप यांच्यावर, आणि पाठीशी प्रशिक्षित माणूस. गोड कमी केलं, रात्रीचा एक घास कमी केला, असला तो प्रकार नव्हता. दुसऱ्या वर्षाअखेर हे प्रमाण ४६ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर आलं. डॉक्टर 'तीन महिने पथ्य' म्हणतात आणि आपण ऐकतो, त्यात आणि या पथ्यात दरी आहे. तसं काही करायचंच असेल तर देखरेखीखाली करा, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या आधीच चालू असतील तर.

रोजचा जाच कुणाचा जास्त

गोळीचा जाच पहिल्या काही आठवड्यांचा. पोट ढवळतं, जुलाब होतात, तोंडाला धातूसारखी चव येते. मित्रानं पहिल्या आठवड्यात ऑफिसातली बसायची जागाच बदलून घेतली, स्वच्छतागृहाजवळ. जेवणासोबत घेणं, ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून डोस हळूहळू चढवणं, आणि तरी जमलं नाही तर हळूहळू विरघळणारी गोळी मागणं, याने बहुतेकांचं निभतं. त्या हळू विरघळणाऱ्या गोळीचं रिकामं कवच कधी कधी शौचातून जसंच्या तसं बाहेर पडतं. औषध शरीरात गेलेलं असतं. गोळी 'लागली नाही' असं समजून दुसरी घेऊ नका. मित्र घेणारच होता, फोन केला म्हणून वाचला. गोळी वर्षानुवर्षं चालली तर अधूनमधून बी-१२ तपासावं लागतं, आणि मूत्रपिंड फार मंदावलं असेल तर ही गोळी चालतच नाही.

पथ्याचा जाच मात्र रोजचा, आणि तो ताटापुरता राहत नाही. घरात कुणासाठी काय शिजायचं, बाहेर बोलावलं तर काय सांगायचं, दमून आल्यावर चालायला जायचं की नाही. दिवसातून वीसदा ठरवावं लागतं. गोळी एकदा ठरवली की संपलं.

थांबणाऱ्यासाठी ग्लुकोमीटर हाच काय तो आरसा. बोटाच्या टोकावर नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. हात आधी साबणानं धुवायचे. मी एकदा फळ सोलून तसंच बोट टोचलं आणि २६१ आकडा बघून मटकन खाली बसलो. हात धुऊन दुसरं बोट टोचलं, १३८. रोज उठून उपाशीपोटीचीच साखर बघत बसण्यापेक्षा जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी अशी जोडी घ्या, मग कुठलं जेवण किती चढवतं ते कळतं. मला असंच कळलं की रात्री जेवून पंधरा मिनिटं चाललो की तोच आकडा बराच खाली असतो. गोळी घेणाऱ्याला हे कळायला मनाई नाही, पण तो सहसा बघत नाही. मित्रानं मीटर घेतला आणि वर्षभर डब्यातून काढला नाही.

दोन समज

"गोळी एकदा लागली की सुटत नाही." मेटफॉर्मिनची सवय लागत नाही. वजन उतरलं, आकडे खाली राहिले तर डॉक्टर डोस कमी करतात, कधी बंदही करतात. गोळी न सुटण्याचं कारण बहुतेकदा आजार पुढे सरकलेला असणं हे असतं, आणि तो गोळीविनाही सरकतोच.

"गोळी घेतोय ना, मग एवढं काय पाळायचं?" हा समज मित्राच्या घरी पाहिला. सहा महिन्यांत त्याचा आकडा ७.८वरून ७वर आला आणि तिथेच अडून बसला.

माझं काय झालं ते सांगतो. तीन महिन्यांनी ६.९ आला. खूश झालो. पुढची तपासणी 'या महिन्यात नको, जरा नीट पाळतो आणि मग करतो' म्हणत ढकलली. एक महिना, दुसरा महिना. निदानापासून अकराव्या महिन्यात करवली तेव्हा ७.९. पथ्य फसलं याचं फार वाईट वाटलं नाही. मीटरवर आकडे दिसत असूनही मी तारीख टाळत होतो, हे लागलं. डॉक्टर रागावले नाहीत, नुसतं गोळीचं नाव लिहिलं.

तेव्हा माझा कौल असा. आकडा ७.५च्या खाली, निदान ताजं, उतरवायला वजन आहे, आणि पुढची तारीख आजच ठरवून येणार असाल, तर थांबा. कितीच्या वर आला की गोळी, तो आकडाही डॉक्टरांकडून त्याच भेटीत लिहून घ्या. यातलं एक जरी डळमळीत असेल तर गोळी घ्या आणि पथ्यही पाळा; आज पहिल्यापासून ठरवायचं असतं तर मी हेच केलं असतं. सध्या मी सकाळ-संध्याकाळ ५०० घेतो आणि रात्री चालतो, आकडा ६.६. मित्रानं शेवटी नऊ किलो उतरवले, त्याचा डोस निम्मा झालाय.

कुठलीही वाट धरा, डोळ्यांचा पडदा, लघवीतलं प्रथिन आणि पावलांची संवेदना आत्ताच तपासून घ्या, कारण टाइप टू कळतो तेव्हा तो बऱ्याचदा काही वर्षं आत मुरलेला असतो. आणि नवा चष्मा मात्र लगेच करू नका. साखर खाली येऊ लागली की डोळ्यातलं भिंग आकार बदलतं आणि काही आठवडे अंधुक दिसतं. मी घाबरून दुसऱ्याच आठवड्यात नंबर काढून चष्मा बनवला. दीड महिन्यानं तो चढवला की चक्कर यायची आणि जुन्यातून पुन्हा स्वच्छ दिसू लागलं होतं.