फळबाग अनुदानाच्या नावावर अंगठा मागणाऱ्यापासून सावध राहा, बाबांचे पैसे असेच गेले

वरुड-मोर्शी पट्ट्यातल्या सगळ्या संत्रावाल्यांनी हे वाचा अन् घरातल्या म्हाताऱ्या माणसाले वाचून दाखवा.

भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेतून बाबांनी संत्रा लावला. अनुदान तीन वर्षांत येते, 50, 30 अन् 20 टक्के, अन् येते ते आधारशी जोडलेल्या खात्यात. हे जोडलेलं खातं म्हणजेच सगळा खेळ आहे हे आमच्या इकडं कोणाले माहीतच नाही.

एक नर्सरीचा एजंट म्हणून गावात फिरत होता. गोड बोलणारा, काकाजी काकाजी करत ओसरीवर येऊन बसला, महाडीबीटीचा (सरकारी योजनांच्या साइटचा) फॉर्म मी भरतो, लागवडीआधीची पूर्वसंमती मी काढतो, कलमा पण मीच आणतो, तुम्ही फक्त अंगठा द्या. बाबांचे बोटं कामानं घासलेले, मशीनवर ठसा उमटतच नाही, तर तो फडक्यानं अंगठा पुसे, जरासं व्हॅसलीन लावे अन् पुन्हा दाबे. "नाही आला काकाजी, अजून एकदा." आता कळते का त्यातल्या एका अंगठ्यानं बाबांच्या नावावर दुसऱ्याच पेमेंट बँकेत नवीन खातं उघडलं अन् आधारही तिकडंच जोडून टाकलं. सरकारी पैशासाठी आधार एका वेळी एकाच बँकेशी जोडलेलं राहते, शेवटी जे जोडलं तिथंच तो पैसा जाते. त्या खात्याले मोबाईल नंबर त्यानं स्वतःच्याच हाताखालचा टाकला, म्हणून एकही मेसेज आमच्याकडं आला नाही.

लागवड झाली, कृषी सहायक येऊन फोटो काढून गेले, अन् मग हा भाऊ पुन्हा चकरा मारायला लागला. कधी "बाग तपासणीची नोंद", कधी "केवायसी अपडेट". दर वेळी मशीन काढे अन् दर वेळी ठसा "नाही आला". येत होता हो बरोबर! आधारच्या अंगठ्यावर एका वेळी 10,000 पर्यंत निघते, तो तुकड्या तुकड्यानं काढत राह्यला. बाबा इकडं जिल्हा बँकेचं पासबुक भरून आणत अन् सरकारले शिव्या देत.

तालुक्याले विचारलं तर म्हणे पैसे जमा झाले. मग मी मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधार कोणत्या बँकेले जोडलं ते, पाह्यलं, तर बँकेचं नाव भलतंच. तिथंच ऑथेंटिकेशन हिस्ट्री पण दिसते, अंगठा कधी अन् कोणी वापरला ते, आमच्या बाबांची ती यादी पाहून डोकंच फिरलं. सायबर फसवणुकीच्या 1930 नंबरवर तक्रार केली, पोलीस स्टेशनात लेखी दिली, बँकेत अर्ज देऊन आधार परत जुन्या खात्याले जोडून घेतलं. गेलेल्या पैशाचं अजून काही नाही.

तुम्ही आजच सीडिंग स्टेटस पाहून घ्या अन् तिथंच आधारचं बायोमेट्रिक (अंगठ्याचा वापर) लॉक करून ठेवा, लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येते, मोबाईल आधारले जोडलेला पाहिजे फक्त. फॉर्म कोणाकडूनही भरून घ्या पण अंगठा मशीनवर दिला तर कशासाठी दिला ते स्क्रीनवर पाहून, नसेल वाचता येत तर पोराले बोलवा. अन् कलमा शासकीय, विद्यापीठाच्या नाहीतर परवानाधारक नर्सरीतूनच, पक्कं बिल घेऊन. आमच्या बिलावर नाव एका नर्सरीचं होतं अन् कलमा भलतीकडच्याच. कलमाचा डोळा इतका खाली भरलेला का जोड मातीत गेला, पहिल्याच पावसाळ्यात डिंक्या रोग लागून कित्येक झाडं गेली. ओलिताच्या बागेत दुसऱ्या हप्त्यासाठी 90 टक्के झाडं जिवंत लागतात, म्हणजे त्याचा मार पुढच्या पैशावरही.

अन् परवा त्याच एजंटच्या दुसऱ्या नंबरवरून बाबांना फोन आला, "काकाजी, नांग्या (मेलेल्या झाडांच्या जागा) भरायला कलमा पाठवू का?" बाबांनी त्याले जे ऐकवलं ते इथं लिहिता येत नाही, नंबर मात्र पोलिसाले देऊन आलो.