इंटरफेरॉन गॅमा इंजेक्शन : ताप आणतं, पण काम करतं
धाकट्या भावाला सीजीडी (क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज) आहे, म्हणजे त्याच्या पांढऱ्या पेशी बुरशी गिळतात पण मारायचं रसायनच त्यांना नीट बनवता येत नाही, म्हणून ॲस्परजिलस नावाची बुरशी वारंवार फुफ्फुसात घुसते. हे इंजेक्शन म्हणजे पेशींना 'उठा, कामाला लागा' सांगणारं प्रोटीन, आठवड्यातून 3 वेळा कातडीखाली. 1991 मध्ये छापून आलेल्या 128 पेशंटच्या ट्रायलमध्ये गंभीर इन्फेक्शन्स बरीच कमी झाली होती, आम्हालाही फरक जाणवला. इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध मात्र सोबत चालूच, ते सुटत नाही. वैताग म्हणजे टोचलं की थंडी वाजून ताप, म्हणून झोपायच्या आधीच देतो. आणि कुपी फ्रिजमध्ये ठेवायची, हलवायची अजिबात नाही, मी पहिल्यांदा खोकल्याच्या औषधासारखी खळाखळा हलवली तर नर्स काय ओरडली!