कापसाचा पैसा पेरणीपर्यंत कुठे ठेवायचा? पोस्ट, बँक, पतसंस्था आणि सराफ बाजार

खान्देशात हातात येणारा पैसा बहुतेक वेळा सहा महिन्यांचा पाहुणा असतो. दिवाळीनंतर कापूस विकला जातो, डिसेंबर-जानेवारीत रक्कम खात्यावर येते. मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचा हिशोब, मे महिन्यात घरातलं नाहीतर भाऊबंदांतलं लग्न, जूनमध्ये बियाणं आणि खत. नोकरदाराचंही फार वेगळं नाही. बोनस दिवाळीला मिळतो आणि पोरांची फी जूनमध्ये भरायची असते. म्हणजे लाख-दोन लाख रुपये पाच-सात महिने सांभाळायचे आहेत. तरी आपण काउंटरवर विचारतो काय, तर "वर्षाला किती टक्के?" हा दर आपल्या कामाचाच नाही. दोन गोष्टी विचारायला हव्यात: सहाव्या महिन्यात पैसे काढले तर हातात काय पडेल, आणि संस्था अडचणीत आली तर पैसे कोण देणार.

पोस्टापासून सुरुवात करू, कारण सुरक्षिततेत त्याच्या वर कोणी नाही. इथे विमा वगैरे नाही, थेट केंद्र सरकारची हमी आहे आणि तिला रकमेची मर्यादा नाही. २०२५ अखेर एक वर्षाच्या मुदत ठेवीवर ६.९ टक्के व्याज होतं, मोठ्या बँकांपेक्षा सरस. पण ही ठेव पहिले सहा महिने मोडताच येत नाही. सहा महिन्यांनंतर आणि वर्षाच्या आत मोडली, तर व्याज मिळतं बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्के. जानेवारीत ठेवून जूनमध्ये बियाण्यासाठी मागायला गेलात तर पोस्ट मास्तर हात जोडेल. जुलैत देईल, पण ६.९ टक्के विसरायचे. पैसा पुढच्या जानेवारीपर्यंत नक्की लागणार नसेल तरच ही ठेव घ्यावी.

त्यापेक्षा पोस्टाचं साधं बचत खातं लोक विसरतात. तिथेही ४ टक्केच मिळतात आणि पैसा केव्हाही काढता येतो. मात्र महिन्याच्या १० तारखेपासून अखेरीपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावरच व्याज बसतं. रक्कम १० तारखेच्या आत भरा, आणि काढायची तर शक्यतो महिना संपू द्या. गावच्या छोट्या डाकघरात मोठी रक्कम एका दिवसात मिळेलच असं नाही, त्यासाठी तालुक्याच्या ऑफिसात जायची तयारी ठेवा.

बँकेत मुदत सात दिवसांपासून तुम्हाला हवी तशी निवडता येते. अल्पमुदतीसाठी याहून सोयीचं काही नाही. व्याज मात्र उतरलंय: २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळातच रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते) ६.५ वरून ५.५ टक्क्यांवर आणला. त्यामागोमाग ठेवींचे दर घसरले आणि मोठ्या बँकांच्या बचत खात्यांवर २.५ टक्के राहिले. तरीही जूनचा खर्च ठरलेला असेल तर १८० दिवसांची ठेव थेट घ्यावी. वर्षाची ठेव करून मध्येच मोडली तर बँक सहा महिन्यांचा दर लावते आणि त्यातून साधारण अर्धा ते एक टक्का दंड कापते. अर्ज भरताना आणखी एक ओळ बघा. मुदत संपल्यावर ठेव आपोआप पुन्हा गुंतवायची का, असा प्रश्न असतो आणि बऱ्याच ठिकाणी 'हो' आधीच धरलेलं असतं. तिथे 'नाही' लिहा, पैसे खात्यात जमा होऊ द्या. दोन लाखांची एकच पावती करण्यापेक्षा पन्नास-पन्नास हजारांच्या चार केल्या तर दवाखान्याचा खर्च निघाल्यावर एकच मोडावी लागते. ठेव न मोडता तिच्यावर कर्जही मिळतं. व्याज साधारण ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतं, आणि महिनाभराचीच अडचण असेल तर ते परवडतं.

आता आपल्याकडे ज्यावर चहाच्या टपरीवर सगळ्यात जास्त वाद होतो तो विषय: सहकारी बँक आणि पतसंस्था. दोन्हींच्या पाट्या एकाच रस्त्यावर, दोन्हींचे संचालक ओळखीचे, दोन्हीकडे रोजची छोटी बचत गोळा करणारा पिग्मीवाला दारात. पण ठेवीदारासाठी या दोघींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बँक सहकारी असो, खासगी असो, सरकारी असो किंवा स्मॉल फायनान्स, तिथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा विमा असतो: प्रत्येक ठेवीदाराला त्या बँकेच्या सगळ्या शाखांमधली मुद्दल आणि व्याज धरून ५ लाखांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. एक रुपयाचाही नाही.

हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. भाईचंद हिराचंद रायसोनी, म्हणजे आपली 'बीएचआर', ही जळगावात मुख्यालय असलेली मल्टिस्टेट पतसंस्था. २०१५ मध्ये ती अवसायकाच्या (संस्था गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) ताब्यात गेली आणि ठेवीदार वर्षानुवर्षं पावत्या घेऊन हेलपाटे मारत राहिले. ठेवीदारांच्या हितासाठी राज्यात १९९९ चा कायदा आहे, मालमत्ता जप्त होऊ शकते, पण जप्ती, लिलाव आणि वाटप या वाटेने आलेला पैसा या वर्षीच्या पेरणीला उपयोगाचा नसतो.

सगळ्याच पतसंस्था वाईट, असं मी म्हणणार नाही. गावातल्या कित्येक संस्था दोन-दोन पिढ्या नीट चालल्यात, आणि बँकेने दारात उभं केलं नाही तेव्हा त्यांनीच कर्ज दिलंय. पण आपण हिशोब करायला बसलोय. लाख रुपयांवर सहा महिन्यांत साधारण काय मिळतं ते पाहू. बँकेच्या ठेवीचा दर ५.५ आणि पतसंस्थेचा ९ टक्के धरलाय. तुमच्या शाखेत थोडा इकडे-तिकडे असेल.

| कुठे | सहा महिन्यांचं व्याज | बुडाली तर |
|---|---|---|
| मोठ्या बँकेचं बचत खातं | १,२५० रु. | ५ लाखांपर्यंत विमा |
| पोस्टाचं बचत खातं | २,००० रु. | सरकारची हमी |
| पोस्टाची वर्षाची ठेव, सहा महिन्यांनंतर मोडून | २,००० रु. | सरकारची हमी |
| बँकेची १८० दिवसांची ठेव | २,७०० रु. | ५ लाखांपर्यंत विमा |
| पतसंस्थेची ठेव | ४,५०० रु. | विमा नाही |

म्हणजे पतसंस्थेकडून जास्त मिळणार १,८०० रुपये. युरियाच्या काही गोण्या, बस. तेवढ्यासाठी लाखाची जोखीम घ्यायची का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घेत नाही. दहा-वीस वर्षांच्या पैशावर दोन-तीन टक्क्यांनी डोंगर उभा राहतो, सहा महिन्यांत नाही.

समोरची संस्था बँक आहे की पतसंस्था, हे पाटीवरून ओळखता येतं. सहकारी पतसंस्थेला नावात 'बँक' लावायची परवानगी नाही, आणि २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने यावर जाहीर इशाराही दिला होता. 'मल्टिस्टेट' या शब्दाला मात्र भुलू नका. त्याचा अर्थ एवढाच की संस्थेचं काम एकाहून जास्त राज्यांत चालतं. मल्टिस्टेट बँकाही असतात, पतसंस्थाही. शंका आली तर डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर विमा असलेल्या बँकांची यादी आहे, तिच्यात नाव शोधा.

विम्यालाही वेळेचा काटा आहे. रिझर्व्ह बँकेने एखाद्या बँकेवर निर्बंध आणले तर २०२१ च्या दुरुस्तीनुसार विम्याची रक्कम ९० दिवसांत मिळायला हवी. पैसा बुडत नाही, पण एप्रिलमध्ये अडकला तर हातात यायला जुलै उजाडतो, तोवर पेरणी उरकलेली. २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. म्हणून जास्त दर देणारी छोटी बँक पसंत असली, तरी बियाण्याचे पैसे तिथे ठेवू नयेत. तिकडे ठेवायचा तो उरलेला पैसा.

आता सोनं. जळगावात राहून सराफ बाजाराचं नाव न घेता पैशांविषयी बोलणं म्हणजे पाप. २०२५ मध्ये तोळा लाखापार गेल्यावर तर कोणी ऐकूनच घेत नाही. पण खरेदीला ३ टक्के जीएसटी, दागिना असेल तर मजुरी, आणि विकताना घट धरून भाव. हे सगळं भरून निघेल इतका भाव सहा महिन्यांत वाढलाच पाहिजे. २०१३ च्या एप्रिलमध्ये भाव दोन दिवसांत कोसळला होता; लग्नाच्या तोंडावर विकायला काढणाऱ्याचं काय झालं असेल विचार करा. लेकीसाठी घ्यायचं तर जरूर घ्या, पण पेरणीचा पैसा त्यात घालू नका.

व्यापाऱ्याकडे कापूस मोजून द्यायचा आणि 'पैसे आखाजीला, वाढीव भावाने' असं ठरवायचं, हीसुद्धा ठेवच झाली, फक्त बिनपावतीची. महिन्याला शेकडा दोनने कोणाला हातउसने देण्याचंही तसंच. शिवाय परवान्याशिवाय सावकारी २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे.

ज्यांच्या घरात नेट बँकिंग करणारं कोणी आहे त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या 'रिटेल डायरेक्ट' खात्यातून १८२ दिवसांचं ट्रेझरी बिल (सरकारने थोड्या मुदतीसाठी घेतलेलं कर्ज) बघायला हरकत नाही: किमान १०,००० रुपये आणि सरकारची हमी. मधेच विकणं मात्र सोपं नाही. लिक्विड फंडातला (अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडातला) पैसा साधारण दुसऱ्या कामाच्या दिवशी मिळतो, पण हमी कोणाचीच नाही.

आणि ठेव करण्याआधी पीककर्जाची तारीख पाहा, भो. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर राज्याच्या आणि केंद्राच्या सवलतींमुळे शून्य टक्क्याने पडतं. मुदत हुकली की व्याज लागतं. साडेपाच टक्क्यांची ठेव कवटाळून कर्जावर त्याहून जास्त व्याज भरणारे मी बरेच पाहिलेत. कर्जमाफीची वाट बघायची की नाही, तो वेगळा वाद.

दोन लाख असतील तर मी असे ठेवीन: मार्चअखेरचा कर्जाचा हप्ता बचत खात्यात, सालदार आणि बियाण्याचे पैसे राष्ट्रीयीकृत बँकेत दोन वेगळ्या पावत्यांवर, एकीची मुदत आखाजीच्या आठवडाभर आधी आणि दुसरीची मेअखेर. त्यातून काही उरलं आणि वर्षभर नक्की लागणार नसलं, तर ते पोस्टाच्या मुदत ठेवीत. प्रत्येक पावतीवर वारसाचं नाव त्याच दिवशी लिहून घ्यायचं आणि पावत्या कुठे ठेवल्यात हे घरच्या बाईला माहीत असू द्यायचं.