बक्षीसपत्रावर सही करण्याआधी आई-वडिलांना हे वाचून दाखवा

आईने राहतं घर बक्षीसपत्राने, म्हणजे मोबदला न घेता मालमत्ता देण्याच्या कागदाने, माझ्या भावाच्या नावावर करून दिलं आणि वर्ष सरायच्या आत त्याच घरात तिची चूल वेगळी झाली. घरातलं चव्हाट्यावर आणू नकोस, असं नातेवाईक सांगतात. तरी मी लिहितेय, कारण असे कागद घरोघरी होत आहेत.

बाबा गेल्यावर भाऊ आईला म्हणाला, "नाव लावायचं काम आहे, तालुक्याला जाऊन येऊ." दुय्यम निबंधक कार्यालयात तिचा फोटो काढला, अंगठा यंत्रावर ठेवला. "आजी, खुशीने देताय ना?" एवढंच तिथे विचारलं. मुलगा शेजारी उभा असताना कुठली आई नाही म्हणेल? कागद तिला कोणी वाचून दाखवला नाही. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन मुला-नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क नाममात्र, २०० रुपये. सवलत चांगलीच आहे, पण त्यामुळे एवढा मोठा व्यवहार कोणाला न विचारता एका सकाळीत उरकला जातो.

मग पासबुक आणि एटीएम कार्ड भावाकडे गेलं. बाबांच्या मागे मिळणारी पेन्शन तो काढू लागला. शेजारच्या काकूंचा फोन आला म्हणून मी गेले, तर आई रक्तदाबाच्या गोळीचे सुरीने दोन तुकडे करत होती. पाकीट महिनाभर पुरावं म्हणून. मला पाहून तिने सुरी पदराखाली घेतली.

बक्षीसपत्राची नक्कल काढली. "प्रेमापोटी व मायेपोटी, कोणताही मोबदला न घेता" असं त्यात लिहिलेलं. तिच्या सांभाळाबद्दल, त्या घरात राहण्याच्या हक्काबद्दल एक ओळ नाही. सगळं घोडं इथेच अडतं. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७च्या कायद्यात कलम २३ आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने झालं असं धरून रद्द करता येतं. पण अट होती हे दाखवावं लागतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला हवा असं म्हटलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि घराचा ताबाही तिला परत द्यायला लावला. तिथे मुलाने सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. आमच्याकडे तसा कागद नाही.

आम्ही प्रांत कार्यालयात (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) आईच्या नावाने अर्ज दिला. या कायद्याचं न्यायाधिकरण तिथेच असतं आणि वकील लावावाच लागतो असं नाही. भावाने तिथे सांगितलं, "ताईला वाटणी हवी आहे, म्हणून आईला पुढे केलंय." मला घराची एक वीटही नको, हे मी लेखी दिलं. कायद्याने मुलीवरही सांभाळाची जबाबदारी आहे, ती मला मान्य आहे. आईला दरमहा निर्वाह भत्ता मंजूर झाला (कायद्यातली कमाल मर्यादा दहा हजार रुपये) आणि तिला घरात राहू द्यावं असा आदेशही मिळाला. बक्षीसपत्र मात्र रद्द झालं नाही. त्यावर जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील केलंय. अपिलाची मुदत साठ दिवसांची असते. "पुढच्या महिन्यात बघू" म्हणत ती घालवू नका.

घर मुलांनाच द्यायचं असेल तर मृत्युपत्र करा. ते हयातीत कधीही बदलता येतं आणि तोवर घर तुमचंच राहतं. बक्षीसपत्रच करायचं असेल, तर आजन्म राहण्याचा हक्क, जेवणखाण, औषधपाणी ही अट त्याच कागदात स्पष्ट लिहून घ्या. मुलगा "आई, माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणेल. विश्वास असला तरी लिहून घ्या. पासबुक स्वतःच्या कपाटात ठेवा.

कोणी आधीच यात अडकलं असेल, तर १४५६७ या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर फोन करा, किंवा तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जाताना बक्षीसपत्राची नक्कल, वयाचा पुरावा आणि औषधांची बिलं सोबत न्या. ज्येष्ठांना स्वतः जाणं जमत नसेल तर त्यांनी अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती किंवा संस्थाही प्रांतांकडे अर्ज करू शकते.