रिकामी खोली स्वतः रंगवताना : चुना, डिस्टेंपर की इमल्शन?

मुले नोकरीसाठी पुण्याला गेली की घरातली एक खोली रिकामी होते आणि पाहता पाहता तिथे हिवाळ्यात बंद केलेला कूलर, जास्तीच्या गाद्या आणि ज्वारीची पोती येऊन बसतात. पुढे लेक माहेरी येणार असल्याचे कळले, किंवा पाहुण्यांसाठी एक नीट खोली असावी असे वाटू लागले, की पहिला विचार रंगाचा होतो. हे काम घरच्या घरी करता येते. मात्र कोणता रंग घ्यायचा हे दुकानातल्या रंगांच्या पुस्तकावरून ठरवण्याऐवजी भिंतीवरून ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. मराठवाड्यात एकाच कुटुंबाच्या वापरात दोन अगदी वेगळ्या भिंती असतात. गावाकडच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराची भिंत दगड-मातीची असते आणि शहरातल्या घराची विटा-सिमेंटची. एकीला जे मानवते, ते दुसरीला मानवेलच असे नाही.

हा धडा मला गावाकडच्या घरात मिळाला. आतल्या खोलीला हौसेने पुट्टी भरून इमल्शनचे, म्हणजे पाण्यात मिसळणाऱ्या प्लास्टिक पेंटचे, दोन हात मारले आणि उन्हाळाभर खोली सुरेख दिसली. पावसाळा सरता सरता मात्र जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंगाला फुगे आले. एक फुगा नखाने उचलला तेव्हा रंगाचा पापुद्रा कागदासारखा सुटून हातात आला, आणि त्याच्यामागे भिंतीवर मिठासारखी पांढरी, भुसभुशीत पूड दिसली. हाच लोणा. जुन्या भिंती जमिनीतली ओल वर ओढतात, ओलीबरोबर क्षारही चढतात, आणि पाणी पृष्ठभागावरून उडून गेले की क्षार मागे राहतात. वर इमल्शनचा घट्ट थर असला की ओलीची वाट अडते, क्षार त्या थरामागे साठतात आणि शेवटी त्याला ढकलून बाहेर काढतात. त्यात दोष रंगाचा नव्हता, तो रंग त्या भिंतीसाठी निवडणाऱ्याचा होता.

अशा भिंतीला चुनाच योग्य. चुन्याचा थर ओल अडवत नाही, तिला बाहेर पडू देतो. त्याचा अल्कधर्मी गुण, म्हणजे आम्लाच्या उलटा गुण, इतका तीव्र असतो की ताज्या चुन्यावर बुरशी सहसा धरत नाही. खर्चही तिन्हींत सर्वांत कमी येतो. कळीचा चुना विरवताना मात्र सावध राहावे. तो पाण्यात पडताच उकळू लागतो, म्हणून पातळ प्लास्टिकची बादली न घेता लोखंडी पिंप घ्यावे, आधी पाणी ओतून त्यात थोडा थोडा चुना सोडावा, डोळ्यांना चष्मा लावावा आणि मुलांना त्या बाजूस फिरकू देऊ नये. रात्रभर मुरलेला चुना फडक्यातून गाळून त्यात डिंकाचे पाणी आणि चिमूटभर नीळ घालावी. पिवळसर छटा हवी असेल तर पिवडी मिसळावी. ओला असताना चुना इतका पाणचट दिसतो की नवशिक्याला काहीच लागले नाही असे वाटते आणि तो जाड हात मारत सुटतो, पण खरा पांढरेपणा वाळल्यावरच उमटतो. जाड थराचे पुढे पोपडे निघतात. म्हणून भिंतीवर आधी पाणी शिंपडून पातळ तीन हात द्यावेत. वैशाखातल्या कोरड्या उन्हात भिंत न भिजवता लावलेला चुना हवेतला वायू शोषून घट्ट होण्याआधीच सुकतो आणि हात लावताच पावडरीसारखा निघतो. नीट लावलेला चुनासुद्धा पाठ टेकली तर कपड्यांना थोडाफार लागतोच, आणि दर एक-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. पलंग भिंतीला लागून ठेवायचा असेल तर याचा विचार आधीच करावा.

विटा-सिमेंटच्या, कोरड्या भिंतीसाठी माझी पसंती इमल्शनला आहे. तो ओल्या फडक्याने पुसता येतो, साधारण पाच वर्षे टिकतो, त्याला तेलाच्या रंगासारखा उग्र वास नसतो आणि रोलरने लावायला तो तिन्हींत सर्वांत सोपा आहे. अडचण रंगाच्या आधीच्या कामात असते. पुट्टी पातळ दोन थरांत भरावी लागते, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावी लागते आणि त्यानंतर प्रायमर मारावा लागतो. यातली कोणतीही पायरी टाळली तर खिडकीतून तिरपा उजेड पडताच भिंतीचा प्रत्येक उंचसखल भाग उघडा पडतो. चकाकी जितकी जास्त, तितका हा दोष ठळक दिसतो, त्यामुळे स्वतः रंगवणाऱ्याने बिनचमकीचा इमल्शन घ्यावा. पुट्टी आणि प्रायमरमध्ये पिण्याचे पाणी वापरावे. बोअरचे खारे पाणी मिसळणे म्हणजे क्षार आपल्याच हाताने भिंतीत भरणे होय.

डिस्टेंपर, म्हणजे खडूच्या भुकटीचा पाण्यात कालवायचा रंग, या दोहोंच्या मधला आहे. चुन्यापेक्षा तो नीटस दिसतो, इमल्शनपेक्षा स्वस्त पडतो, आणि बिनचमकीचा असल्यामुळे ओबडधोबड गिलावा झाकून घेतो. पण तो घासून धुता येत नाही आणि ओल लागली की तोही सुटतो. छतासाठी आणि भाड्याच्या घरासाठी तो पुरेसा आहे. वॉलपेपरचा विचार आपल्याकडच्या पावसाळी ओलीत आणि उन्हाळी कोरडेपणात न केलेलाच बरा, कारण त्याच्या कडा लवकर सुटतात.

आपली भिंत कोणत्या प्रकारची आहे हे ओळखण्यासाठी दोन सोप्या चाचण्या आहेत. फूटभर चौकोनी प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीच्या खालच्या भागाला लावावे आणि एक दिवसाने पाहावे. भिंतीकडच्या बाजूस दव साचले असेल तर ओल आतून येत आहे, आणि तिचा बंदोबस्त होईपर्यंत इमल्शनचा डबा विकत घेऊ नये. दुसरी चाचणी अशी, की काळे फडके भिंतीवर जोराने फिरवावे. ते पांढरे झाले तर खाली जुना चुना आहे आणि तो पूर्ण खरवडल्याशिवाय त्यावर इमल्शन धरणार नाही. उलट, इमल्शनवर चुनाही धरत नाही. चुन्यात झालेली चूक पुढच्या वर्षीच्या हाताने झाकता येते, इमल्शन मात्र उतरवायला फार कष्ट पडतात. म्हणून मनात शंका असेल तर आधी चुना निवडावा.

आपल्या भागात भेगांचा प्रश्न वेगळाच असतो. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्याबरोबर पाया हलतो आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात. दरवर्षी उघडमीट करणारी अशी भेग पुट्टीने बुजवली तरी पुन्हा दिसू लागते, आणि इमल्शनवरची डागडुजी थिगळासारखी उठून दिसते. भेग थोडी रुंद करून लवचीक भराव घातला तर बरेच निभावते. चुन्याच्या खोलीत मात्र वार्षिक हात देताना ती आपोआप झाकली जाते, हा चुन्याचा दुर्लक्षिला गेलेला फायदा आहे. भेग इतकी मोठी असेल की तिच्यात बोटाचे टोक शिरते, तर रंगाचा विचार सोडून आधी जाणत्या अभियंत्याला घर दाखवावे.

किती रंग लागेल याचा हिशेब सोपा आहे. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंच खोली धरली तर चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. दार-खिडकी वगळता सुमारे ४०० राहते आणि छताचे १२० वेगळे. डब्यावर दिलेल्या व्याप्तीने, म्हणजे एका लिटरमध्ये जितके चौरस फूट रंगतात त्या आकड्याने, या क्षेत्रफळाला भागले की लिटर निघतात. ती व्याप्ती एका हाताची आहे की दोन हातांची, हे नीट वाचून घ्यावे.

सगळे काम स्वतःच करण्याचा हट्ट मी धरणार नाही. चुना आणि डिस्टेंपर कोणालाही जमतो. इमल्शनमध्ये रोलर चालवणे अवघड नाही, पण संपूर्ण भिंतीला सपाट पुट्टी भरायला सरावाचा हात लागतो. म्हणून पुट्टी आणि छत रंगाऱ्याकडून करून घ्यावे आणि प्रायमरपासून पुढचे काम सलग दोन शनिवार-रविवारी आपण करावे, ही वाटणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. दारे-खिडक्यांवर जुना तेलरंग असेल तर तो कोरडा घासू नये. घरगुती रंगांतील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसे असू शकते, आणि बाळ-बाळंतीण राहणार असलेल्या खोलीत त्याची धूळ अजिबात नको. ओले करून घासावे, तोंडावर मास्क लावावा आणि खोली पुसून काढावी.

दसऱ्याच्या साफसफाईबरोबर रंग काढण्याची आपली रीत आहे, पण तेव्हा भिंतींत पावसाची ओल शिल्लक असते. चुन्याला ती चालते. इमल्शनसाठी दिवाळीनंतर, थंडी कोरडी पडल्यावर सुरुवात करावी. उरलेला चुना फेकू नये, तो गच्चीवर मारला तर उन्हाळ्यात खालची खोली थोडी थंड राहते. उरलेला इमल्शन छोट्या, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावा आणि शेडचा क्रमांक खोलीतल्या कपाटाच्या दाराला आतून लिहून ठेवावा, म्हणजे दोन वर्षांनी कूलर सरकवताना भिंतीवर ओरखडा उठला तर त्याच रंगाने तो बुजवता येतो.