ट्वायफेलफॉन्टेन: बाराच्या उन्हात नको, चारनंतर जा

नामिबियातलं ट्वायफेलफॉन्टेन म्हणजे आफ्रिकेतल्या खोदचित्रांचा एक मोठा खजिना. वालुकाश्माच्या शिळांवर दोन हजारांहून जास्त आकृत्या, आणि २००७ पासून जागतिक वारशाचा दर्जा. तो मिळवणारं नामिबियातलं हे पहिलं ठिकाण. इथे एकट्याने फिरता येत नाही, तिकिटासोबत स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. हे परीक्षण त्या फेरीचं. फेरी उत्तम आहे. वेळ चुकली तर मात्र एवढा प्रवास करून हाती फारसं लागत नाही.

वेळेला इतकं महत्त्व का, हे खोदण्याच्या पद्धतीवरून कळतं. हजारो वर्षांत या शिळांवर गडद तांबूस थर चढला आहे. गारेसारख्या कठीण दगडाने ठोकून तो उडवला की खालचा फिकट दगड उघडा पडतो. पण खोली अगदी थोडी, आणि उघडा पडलेला दगडही कालांतराने पुन्हा काळवंडतो. त्यामुळे जुन्या आकृत्यांत रंगाचा फरक जवळपास उरत नाही, दिसते ती कडेची बारीक सावली. सूर्य डोक्यावर आला की तीही जाते आणि समोर नुसता तांबडा खडक राहतो. किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड शहरातून इटोशा अभयारण्याकडे जाणाऱ्या सहलीत हा थांबा भर दुपारी पडण्याची शक्यता जास्त. आरक्षण करण्याआधी 'तिथे किती वाजता पोहोचणार?' एवढं विचारून घ्या. ऊन तिरकं पडतं ते सकाळी लवकर आणि दुपारी चारनंतर.

वाटाडे स्थानिक दमारा समाजातले, आणि खरी किंमत त्यांच्या माहितीची. शेपटीच्या टोकाला पंजा असलेला 'सिंहमानव' सगळेच दाखवतात. त्याच्या पंजाला पाच बोटं आहेत, सिंहाच्या ठशात चारच उमटतात. म्हणूनच अभ्यासक त्याला सिंहरूप घेतलेला माणूस, म्हणजे अंगात आलेला वैद्य मानतात. हा तपशील वाटाड्याने सांगितला नाही तर तुम्ही विचारा. जिराफ, गेंडे, शहामृग यांच्याइतकेच इथले प्राण्यांच्या पावलांचे ठसे बघण्यासारखे आहेत. घाईच्या फेरीत नेमके तेच सुटतात. फेऱ्या दोन: सिंहमानवाची आणि नाचऱ्या कुडूची (कुडू म्हणजे एक मोठं हरीण). शक्य असेल तर दोन्ही करा.

आता जतनाचं. या जागेला १९५२ मध्ये राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलं, पण त्यानंतरही कित्येक वर्षं कुणी पहाऱ्याला नव्हतं. त्या काळात शिळांवर नावं कोरली गेली, काही आकृत्या फोडून नेल्या. पांडवलेणीच्या भिंतींवर बदामात कोरलेली नावं पाहिलेल्या नाशिककराला हे दुखणं वेगळं समजावून सांगायला नको. आज इथे ठरलेली पायवाट आणि बघण्यासाठी उभारलेले मंच आहेत, त्यावरून खाली उतरू नका. बुटाखाली चिकटलेली वाळू वालुकाश्मावर पॉलिशपेपरसारखी चालते.

फोटोत आकृती उठून दिसावी म्हणून पाणी शिंपडणं, खडूने रेघा भरणं, ठसा घेणं हे उद्योग आफ्रिकेत अनेक ठिकाणी झाले आहेत. पाणी सच्छिद्र दगडात मुरतं, आतले क्षार विरघळवतं, आणि सुकताना ते पृष्ठभागाजवळ स्फटिक बनून खपली उडवतात. खडूचे कण रंध्रांत बसले की पुढे त्या थराची रासायनिक तपासणी बिघडते. नायजरमधल्या दाबूस इथे खडकात कोरलेल्या जिराफांचा साचा १९९९ च्या सुमारास तज्ज्ञांनी मोठ्या काळजीने घेतला. ते काम हौशी माणसाचं नाही. तुमच्यासाठी कॅमेराच पुरेसा आहे. ध्रुवीकरण फिल्टर लावला की दगडाची चकाकी कमी होते. त्रिमितीय प्रतिमा करायची असेल तर प्रत्येक फोटो आधीच्या फोटोवर ६० ते ७० टक्के चढता ठेवून सगळ्या कोनांतून घ्या. मोजपट्टी शिळेवर नको, शेजारी धरा.

स्वागतकेंद्राची इमारत आवर्जून बघा. २००५ ची, नीना मारित्झ यांची रचना. जाळीत दगड भरून केलेल्या भिंती, जुन्या तेलाच्या पिंपांच्या पत्र्याचं छप्पर. उद्या हलवायची झाली तर जमिनीवर फारशी खूण राहणार नाही. रत्नागिरीच्या कातळशिल्पांभोवती किंवा आपल्याकडच्या लेण्यांच्या पायथ्याशी सोयी करताना काँक्रीट ओतायची घाई होते, तेव्हा हे उदाहरण समोर ठेवावं.

पोहोचायचं कसं? मुंबईहून जोहान्सबर्ग किंवा अदिस अबाबामार्गे नामिबियाची राजधानी विंडहुक, तिथून साधारण ४५० किलोमीटर रस्ता. शेवटचा टप्पा खडीचा, तिथे ताशी ६०-७० किलोमीटरच्या वर वेग नको. खडीवर जोरात ब्रेक लावला की गाडी घसरते, आणि टायर फुटणं तर नेहमीचंच. एक जास्तीचा टायर पुरत नाही, दोन मागून घ्या आणि तो बदलायचा कसा हे विंडहुकलाच बघून ठेवा. वाटेतल्या खोरिक्सास गावात टाकी भरून घ्या. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. आंतरराष्ट्रीय परवाना नाशिकच्या आरटीओतून काढून ठेवा. अदिस अबाबात मुक्काम असेल तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्या, प्रमाणपत्र त्यानंतरच लागू होतं. खर्चाला दक्षिण आफ्रिकी रँडही चालतो.

पांडवलेणीच्या पायऱ्या न थांबता चढणाऱ्याला फेरीची वाट जड नाही, पण दगड उंचसखल आहेत आणि सावली जवळजवळ नाही. माणशी दोन लिटर पाणी आणि पकड असलेले बूट हवेत. जून ते ऑगस्ट हवा बरी, मात्र पहाटे स्वेटर लागतोच.

माहितीपत्रकांत हमखास होणारी एक चूक: ब्रँडबर्ग डोंगरातली प्रसिद्ध 'गोरी बाई' ही आकृती इथल्या खोदचित्रांत धरली जाते, पण ती रंगवलेली आहे, खोदलेली नाही. ती वेगळ्या डोंगरात आहे आणि तिथपर्यंतची चाल जास्त लांब, दोन्ही एकाच दिवसात बसवू नका.