कुत्रं चावलं : लस की सीरम?

पऱ्हाटीच्या वावरातून येताना पोराच्या पोटरीला कुत्रं चावलं, रक्त निघालं, तर ग्रामीण रुग्णालयात दोन गोष्टी मागायच्या : लस आणि अँटी-रेबीज सीरम. पुष्कळ जण लस घेऊन परततात, आणि तिथंच घात होतो.

लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे रेबीजच्या विषाणूशी लढणारी प्रथिनं, बनवायला लावते. दंडाच्या स्नायूत घ्यायची असेल तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. लहानग्यांना मांडीत, कुल्ल्यावर कधीच नाही. पण प्रतिपिंडं यायला ७ ते १४ दिवस जातात.

सीरममध्ये ती तयारच असतात. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं सीरम वजनाच्या किलोमागे ४० युनिट, म्हणजे २० किलोच्या पोराला ८०० युनिट. मि.ली.ला ३०० युनिटची कुपी असेल तर सुमारे २.७ मि.ली. ते जखमेत आणि तिच्या कडेनं टोचावं लागतं. पोरगं रडतं, पण विषाणू तिथंच अडवायचा असतो. मात्र सीरमचा असर काही आठवड्यांत ओसरतो, म्हणून लस चुकवता येत नाही.

विषाणू नसांमधून मेंदूकडे चढतो. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांची घट्ट भिंत रक्तातल्या प्रतिपिंडांना फारसं आत जाऊ देत नाही. लक्षणं दिसल्यावर दोन्ही निकामी ठरतात ती यामुळेच. तोंडाला, हाताला चावा असेल तर आणखी घाई करा.

पहिल्या लशीनंतर ७ दिवस उलटले की सीरम देत नाहीत. आधी पूर्ण कोर्स झाला असेल तर सीरम लागत नाही. ० आणि ३ व्या दिवशीची लस पुरते.

निघण्याआधी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, तिखट, चुना लावू नका.